पहिला उपचार अडीचशे किलोमीटरवर

आखातातील भारतीय शाळांची जुलै-ऑगस्टची सुट्टी जवळ आली की मराठी घरांत मायदेशी जाण्याच्या याद्या होऊ लागतात. लग्नकार्य, बँकेची कामे, गावच्या घराची डागडुजी यांच्या शेजारी काही घरांत आणखी एक काम दबक्या आवाजात नोंदवले जाते : मुलाला पुण्यात किंवा ठाण्यात एकदा दाखवून आणायचे. मूल एका जागी बसत नाही, वर्गशिक्षिकेच्या तक्रारी थांबत नाहीत, गृहपाठावरून रोज संध्याकाळी रडारड होते. चार आठवड्यांत तपासणी, निदान, जमल्यास औषध आणि परतीचे विमान, असा हिशेब असतो. हा हिशेब मुळातच अपुरा आहे. अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता या विकारावर, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात त्यावर, लहान वयात जो पहिला उपचार सांगितला जातो तो साधारणतः दोन ते तीन महिने चालतो आणि त्यात शिकायचे असते ते आई-वडिलांनी.

या उपचाराचे नाव ‘पालक प्रशिक्षण’. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित मार्गदर्शक, काही आठवड्यांचे सातत्य आणि घरातील मोठ्या माणसांचे एकमत. एवढ्याच गोष्टी रुवैससारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला सर्वांत दुर्मीळ असतात. त्या का दुर्मीळ आहेत आणि हे चित्र बदलता येईल का, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

कारखान्याच्या घड्याळावर चालणारे गाव

रुवैस हे अबुधाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, अल धफ्रा प्रदेशाच्या समुद्रकाठी वसलेले औद्योगिक गाव. १९८० च्या दशकाच्या आरंभी येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला; पुढे खत आणि पॉलिमरचे प्रकल्प आले आणि त्यांच्या भोवती कर्मचाऱ्यांची वसाहत वाढत गेली. वसाहतीला आता ‘अल धन्ना’ असे अधिकृत नाव असले तरी बोलण्यात रुवैसच टिकून आहे. आणखी पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला बराकाचा अणुऊर्जा प्रकल्प आहे. त्याची पहिली अणुभट्टी २०२१ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात उतरली. उरण, थळ, नागोठणे किंवा तारापूर येथे उमेदवारी केलेल्या अभियंत्याला हे जग अनोळखी वाटत नाही.

वसाहतीचे फायदे मोठे आहेत : कंपनीचे घर, जवळच शाळा, सुरक्षित रस्ते, ओळखीचे शेजारी. मात्र येथील घड्याळ कारखान्याचे आहे. वडिलांची शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. प्रकल्पाचा शटडाउन निघाला की कित्येक आठवडे घर केवळ झोपण्यापुरते. आई अनेकदा उच्चशिक्षित असते, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि दिवसभर मुलासह एकटी. आजी-आजोबा, मावशी, काका यांनी मूल तासभर सांभाळायचे आणि आईने श्वास घ्यायचा, ही सोय येथे नाही. उन्हाळ्यात तर १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास सरकारनेच बंदी घातलेली असते. अशा उन्हात मुलाला खेळायला कोठे पाठवणार? ज्या मुलाच्या शरीराला धावण्याची सर्वाधिक गरज आहे, ते तीन महिने चार भिंतींत राहते.

व्रात्यपणा आणि विकार

प्रत्येक चळवळ्या मुलाला एडीएचडी नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीनुसार लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात आणि घर व शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. घरी दंगा करणारे, पण शाळेत शांतपणे काम पूर्ण करणारे मूल या व्याख्येत सहसा बसत नाही. उलट, वर्गात खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी बसू शकते; तिची चंचलता अंगात नसून अवधानात असल्याने ती नजरेतून सुटते. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये घेतला गेला तेव्हा मुलांमधील प्रमाण पाच टक्क्यांच्या थोडे वर आढळले. तीस मुलांच्या वर्गात एखादे, क्वचित दोन मुले, असा त्याचा अर्थ.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७४ टक्क्यांच्या आसपास मानला जातो. व्हिडिओ कॉलवर आजी सहज म्हणून जाते, ‘‘अगं, याचा बाप असाच होता, सुधारला ना?’’ आजीचे निरीक्षण बहुधा खरे असते, निष्कर्ष तेवढा घाईचा. बापाच्या वेळी अंगण होते, वाडा होता, भावंडे होती आणि वेळापत्रकाचा जाच कमी होता. शिवाय तो खरोखर ‘सुधारला’ की आयुष्यभर विसरभोळेपणाशी आणि रागाशी झगडत राहिला, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती.

पालकांच्या वागण्यामुळे एडीएचडी होत नाही. मग प्रशिक्षण पालकांना कशासाठी? आपली चूक दाखवण्यासाठी बोलावले आहे, असे वाटून कित्येक पालक दुखावतात. मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला इन्सुलिन टोचायला शिकवतात तेव्हा मधुमेहाचा दोष तिच्यावर येत नाही. मूल चोवीस तास तिच्याजवळ असते म्हणून ते शिक्षण तिला द्यावे लागते. येथेही तसेच आहे. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पालक प्रशिक्षण आणि वर्गातील वर्तन-व्यवस्थापन यांना औषधाच्या आधीचे स्थान आहे. सहा वर्षांनंतर औषध आणि हे उपाय बरोबरीने सुचवले आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या गट-प्रशिक्षणालाच पहिले स्थान दिले. भारतीय बालरोग अकादमीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही वर्तन-उपचारांना महत्त्व आहे.

संध्याकाळी सहा वाजता काय घडते

या प्रशिक्षणाची मुळे १९६० च्या दशकातील अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सापडतात. तेथे कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी आईला मुलाशी खेळताना प्रत्यक्ष मार्गदर्शन देण्याची पद्धत बसवली आणि जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतील भांडणांचे बारकाईने निरीक्षण केले. पॅटरसन यांनी मांडलेले सूत्र रुवैसच्या एखाद्या घरात कल्पून पाहावे.

संध्याकाळचे सहा वाजले आहेत. वडील नाइट शिफ्टसाठी झोपलेले आहेत. सात वर्षांचा मुलगा टॅब्लेटवर खेळतो आहे. स्वयंपाकघरातून आई म्हणते, ‘‘बंद कर आणि गृहपाठाला बस.’’ एकदा, तीनदा, सातदा. आठव्या वेळी तिचा आवाज चढतो. मुलगा किंचाळतो. वडील जागे होतील या धास्तीने आई म्हणते, ‘‘बरं, दहा मिनिटं, पण ओरडू नकोस.’’ या एका मिनिटात दोघेही काहीतरी शिकले. किंचाळले की मागणी मागे घेतली जाते, हे मुलगा शिकला. नमते घेतले की शांतता मिळते, हे आई शिकली. दुसऱ्या दिवशी ती नमत नाही, थप्पड मारते; मुलगा दबतो, आणि थप्पड लागू पडते, असाही धडा मिळतो. पुढच्या वेळी किंचाळी मोठी होते आणि थप्पडही. ‘जबरदस्तीचे चक्र’ म्हणतात ते हेच. एडीएचडी असलेल्या मुलाच्या घरी ते लवकर सुरू होते, कारण अशा मुलाला सूचना कानावर पडूनही धरून ठेवता येत नाही आणि दूरच्या बक्षिसापेक्षा हातातले सुख त्याला फार जवळचे वाटते.

प्रशिक्षण हे चक्र तोडायला शिकवते. पहिले आठवडे शिस्तीचे नसतातच. रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या मर्जीचा खेळ, त्यात प्रश्न नाहीत, उपदेश नाही, सुधारणा नाहीत. दिवसभर केवळ दटावणी ऐकणाऱ्या मुलाला पालकाचा सहवास पुन्हा हवासा वाटला, तरच पुढच्या शिस्तीला किंमत येते. मग शाबासकीची भाषा. ‘‘शहाणा आहेस’’ यापेक्षा ‘‘पहिल्या हाकेला उठलास, हे मला आवडलं’’ हे वाक्य अधिक काम करते, कारण नेमके काय आवडले ते मुलाला कळते. सूचना जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन, एका वेळी एक आणि एकदाच. ‘‘दप्तर आवर, हात धू, दूध पी आणि अभ्यासाला बस’’ ही चार कामे आहेत. अशा मुलाच्या हाती त्यातले बहुधा शेवटचेच लागते, किंवा तेही नाही.

त्यानंतर येते ताबडतोब मिळणारे बक्षीस : भिंतीवरच्या तक्त्यावर चांदणी, पाच चांदण्या झाल्या की ठरलेली छोटी गंमत. ‘‘ही तर लाच झाली’’ असा आक्षेप हमखास घेतला जातो. लाच अनुचित कामासाठी आणि कामाआधी दिली जाते. आधी ठरवून उचित कामानंतर दिलेल्या मोबदल्याला आपण ओव्हरटाइम म्हणतो आणि तो निःसंकोच घेतो. किरकोळ कुरकुरीकडे दुर्लक्ष करणे, मारहाणीसारख्या गंभीर वर्तनासाठी आधीच ठरलेला, छोटा आणि शांतपणे अमलात आणलेला परिणाम ठेवणे, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडणे, शिक्षिकेकडून रोज दोन-तीन ठरावीक गोष्टींची नोंद मागवणे हे त्यापुढचे टप्पे.

एक इशारा मात्र आधीच द्यावा लागतो. दुर्लक्ष सुरू केले की वर्तन प्रथम बिघडते. आजवर ज्या किंचाळीने काम होत असे ती निष्फळ ठरू लागली की मूल आणखी जोर लावून पाहते. एकट्याने पुस्तक वाचून प्रयोग करणारे पालक नेमके याच आठवड्यात हार मानतात, आणि मुलाला कळते की जोर थोडा वाढवला की पुरे. त्या आठवड्यात फोन उचलणारा मार्गदर्शक किंवा त्याच वाटेने गेलेली दुसरी आई हवी असते. पालक प्रशिक्षण हे पुस्तकी ज्ञान का नाही, याचे उत्तर येथे आहे.

अपेक्षा किती ठेवाव्यात

या उपचाराची जाहिरात करताना त्याची मर्यादा लपवणे पालकांवर अन्याय करणारे ठरेल. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमटीए’ या मोठ्या अभ्यासात सात ते दहा वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने निरनिराळे उपचार करून पाहिले गेले. अवधान आणि चंचलता या मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तन-उपचारांपेक्षा प्रभावी ठरले. औषधाला पालक प्रशिक्षणाची जोड दिली तेव्हा कमी मात्रेत काम भागले आणि घरातील नातेसंबंधांसारख्या बाबतीत लाभ दिसला. २०१३ मधील एका आढाव्याने आणखी परखड निष्कर्ष काढला : मूल कोणता उपचार घेत आहे हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदी पाहिल्या, तर वर्तन-उपचारांचा मूळ लक्षणांवरील परिणाम सिद्ध होत नाही. पुढच्याच वर्षीच्या आढाव्यात मात्र पालकांचे वागणे आणि मुलाचा आडमुठेपणा यांवर त्यांचा चांगला परिणाम आढळला.

याचा सरळ अर्थ असा की प्रशिक्षणाने विकार जात नाही. विकाराभोवती साचलेले भांडण, मार आणि अपमान कमी होतात. ते कमी मोलाचे नाही. मोठेपणी अशा माणसाला छळते ते विसरलेले दप्तर नसून ‘मी वाईट मुलगा होतो’ ही खूणगाठ असते. आणि ज्या मुलाला औषधाची गरज आहे त्याला ते नाकारणे हाही शहाणपणा नव्हे.

अंतराचा हिशेब

आता रुवैसकडे वळू. बालमानसोपचार आणि वर्तन-उपचारांचे तज्ज्ञ प्रामुख्याने अबुधाबी आणि दुबई या शहरांत एकवटलेले आहेत. आठवड्यातून एक, अशा बारा सत्रांसाठी अबुधाबीला जाऊन यायचे, तर ४८० किलोमीटरच्या बारा फेऱ्या, म्हणजे ५,७६० किलोमीटर. अबुधाबी ते मुंबई या हवाई अंतराच्या जवळजवळ तिप्पट. प्रत्येक फेरीला रस्त्यावरच पाच तास जातात, वडिलांची रजा जाते आणि मागच्या आसनावर तेच मूल असते ज्याला पाच मिनिटे स्थिर बसणे जड जाते. आरोग्य विम्यात वर्तन-उपचार किती बसतात हे पॉलिसीगणिक बदलते. ते आधी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

मायदेशातून औषध आणण्याचा मार्गही वाटतो तितका सोपा नाही. एडीएचडीवर वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट हे अमिरातीत नियंत्रित औषध आहे. ते सोबत आणायचे तर सरकारची पूर्वपरवानगी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल लागतो. पुण्याच्या दुकानातून घेतलेली पट्टी सामानात टाकून विमानतळावर उतरणे म्हणजे थेट कायद्याशी गाठ.

कायद्याच्या बाजूने काही आधारही आहे. अमिरातीच्या २००६ च्या २९ क्रमांकाच्या संघीय कायद्यानुसार विशेष गरज असणे हे शाळाप्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि दुबईच्या शिक्षण नियामकाने शाळांसाठी केलेल्या वर्गवारीत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख आहे. भारतात परतणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी नाही. त्यामुळे केवळ या निदानावर परीक्षेत सवलत मिळेल असे धरून चालता येत नाही. जोडीला अध्ययन अक्षमता आहे का, याची तपासणी वेळेत करून घ्यावी लागते.

गोवा आणि फिनलंड

तज्ज्ञ दूर असतील तर काय करायचे, या प्रश्नाची दोन उत्तरे जगाने दिली आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या दाराशी आहे. गोव्यातील ‘संगथ’ ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था मानसिक आरोग्याचे काम सामान्य, पण नीट प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून करून घेण्यासाठी ओळखली जाते. तिच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले आणि पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला. विकार वेगळा असला, तरी धडा स्पष्ट आहे : पालकांना शिकवण्यासाठी प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच समोर बसायला हवा असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आखलेला नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटींचा कार्यक्रमही याच विचारावर उभा आहे.

दुसरे उत्तर फिनलंडचे. तेथे चार वर्षांच्या हट्टी, आक्रमक मुलांच्या ४६४ कुटुंबांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा आठवडे इंटरनेटवरील पाठ आणि दर आठवड्याला प्रशिक्षकाचा फोन, एवढ्यावर मुलांच्या वर्तनात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. पालकांना प्रवास करावा लागला नाही, शेजाऱ्यांच्या नजरांना तोंड द्यावे लागले नाही. दूर अंतरावरच्या, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कुटुंबासाठी यापेक्षा सोयीचा नमुना कोणता?

कोणी काय करावे

निदान आणि औषध हे परवानाधारक डॉक्टरांचेच काम. तेथे तडजोड नको. पण निदानानंतरचे शिक्षण मराठीत, रुवैसच्या बैठकीच्या खोलीत पोहोचवणे अशक्य नाही. ठाण्याची ‘आयपीएच’ ही संस्था १९९० पासून मनआरोग्याचे शिक्षण मराठीत देत आली आहे. मुंबईतील ‘उम्मीद’ २००१ पासून बालविकासाच्या क्षेत्रात पालक आणि कार्यकर्ते यांच्याबरोबर काम करते. अशा संस्थांनी आखातातील पालकांसाठी दहा-बारा आठवड्यांचा, ठरावीक गटाचा ऑनलाइन वर्ग आखावा आणि अबुधाबीच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी पालक एकत्र आणण्याची जबाबदारी घ्यावी. गणेशोत्सवाचे नियोजन ज्या नेटाने होते त्याचा अंशही यासाठी पुरेल.

भाषेचा मुद्दा येथे गौण नाही. शाबासकी, दटावणी, समजूत हे सारे मुलाशी मातृभाषेत चालते. इंग्रजी पुस्तकातले वाक्य मराठी घरात उच्चारले की ते नाटकी वाटते आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येते.

कंपन्यांनीही यात आपला स्वार्थ ओळखावा. घरी रोजचे युद्ध चालू असलेला कर्मचारी नियंत्रण कक्षात बारा तास जागा राहतो, पण ताजा राहत नाही. प्रशिक्षणाच्या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ वडिलांना मोकळी मिळावी, एवढी मागणी अवास्तव नाही. वडील नसतील तर आईने बसवलेली घडी सुट्टीच्या दिवशी मोडते : ‘‘आठवड्यातून एकदा तर भेटतो, राहू दे ना’’ या प्रेमळ वाक्याने. आणि शाळांनी तक्रारींच्या जोडीला रोज एक चांगली नोंदही घरी पाठवावी. तिला खर्च शून्य आहे.

पालकांनी वर्ग मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. रोजची पंधरा मिनिटे, एका वेळी एकच सूचना आणि नेमकी शाबासकी एवढे आजपासून करता येते. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, किंवा पालकाचा स्वतःचाच संयम सुटत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

हे न केल्यास काय होते, ते आखातातील मराठी वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. तिसरी-चौथीत ‘‘येथे त्याला शिस्त लागत नाही’’ असे म्हणून मुलाला सातारा किंवा पाचगणीच्या वसतिगृहात, नाहीतर थकलेल्या आजी-आजोबांकडे पाठवले जाते. आई-बाप पुढची काही वर्षे त्याला फोनच्या पडद्यावर वाढवतात. विकार मुलाबरोबर प्रवास करतो. त्याला समजून घेऊ शकणारी दोन माणसे तेवढी रुवैसला राहतात.